मास्तरांचा जसाच्या तसा निरोप

पैज लागली ती टोपलीवरून. म्हणजे टोपली कुणाला मिळणार यावर नव्हे, ती डोक्यावर कुणी घ्यायची यावर.

हर्णे बंदराकडे रस्ता उतरतो, त्या उतारावर नासिर बुरोंडकरचं एसटीडी-आयएसडी बूथ होतं. दोन हजार साल नुकतंच उजाडलं होतं. घरोघरी फोन यायचे होते, ज्यांच्याकडे आले होते त्यांचे बहुतेक वेळ बंद असायचे, आणि मोबाइल ही मुंबईहून आलेल्या माणसाने हात उंच करून माडाखाली फिरवायची वस्तू होती. त्यामुळे कुवेत, दोहा, मस्कत, भायखळा, सगळीकडचे फोन नासिरच्या बूथवर यायचे. फोन आला की नासिर निरोप घ्यायचा आणि लुंगी सावरत घरोघर पोचवायचा. बूथसमोर एक बाकडं होतं. ज्याला फोन येणार असेल तो त्यावर बसायचाच, पण ज्याला जन्मात कुणी फोन करणार नाही तोही बसायचा. दुसऱ्यांचे फोन काय वाईट असतात?

त्या संध्याकाळी बाकड्यावर तिघं होती. एक नासिर. होडीतून उतरताना पाय मुरगळला होता, तो हळदीचा लेप लावून स्टुलावर मांडून ठेवलेला. दुसरी यमुनाबाई. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून टोपली बाजूला ठेवून टेकली होती. आणि तिसरे दाजी पावसे, म्हणजे आपले मास्तर.

मास्तर म्हणजे हायस्कुलातनं रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, खिशाला पेन. वडील होडीवरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, पण मास्तरकी लागली त्या दिवसापासून मास्तरांनी लिलावाच्या वाळूत पाय ठेवला नव्हता. मासळी खायचे, अगदी काट्यासकट चाखून खायचे. पण ती घरात कशी येते याची चौकशी करायचे नाहीत.

तेवढ्यात नासिरची भाची महरीन दापोलीहून कॉलेजची एसटी धरून आली. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, "सर, टेस्ट आहे. रिपोर्टेड स्पीच एकदा सांगा ना, डोक्यात शिरत नाही."

झालं. मास्तरांना कुणी व्याकरण विचारलं की त्यांच्या चेहऱ्यावर हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं तेज यायचं. "सोप्पं आहे ग. सेड टू-चं टोल्ड. नाऊ-चं देन. टुडे-चं दॅट डे. काळ एक पायरी मागे. आय-चं ही नाहीतर शी. थोडक्यात काय, दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला जसंच्या तसं पोचवायची कला. शब्द बदलतात, पण अर्थ? अर्थ केसभर हलत नाही."

नासिर एवढ्या जोरात हसला की त्याचा पाय स्टुलावरनं घसरला. हसणं आणि विव्हळणं त्याने एकदमच उरकून घेतलं.

"मास्तर, तुमच्या विलायतेत चालत असेल हे. हर्णेत बोलणं जसंच्या तसं पोचवा, दिवस मावळायच्या आत एका घरात चूल पेटणार नाय!"

"हे बघ नासिर, तू निरोपात मीठमसाला घालतोस, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"घालत नाय मास्तर. काढतो. त्यातली मिरची काढतो."

"म्हणजे खोटंच की. तुझं व्याकरण दहावीत गेलं ते गेलंच."

हे जरा लागलं. नासिर दहावीला इंग्रजीतच गचकला होता आणि त्या वेळी परीक्षेच्या वर्गात देखरेखीला मास्तर उभे होते असं त्याचं म्हणणं होतं. त्याने लुंगीची गाठ मारली. "लावा पैज. असा पण माझा पाय मोडलाय. येत्या शुक्रवारच्या लिलावापर्यंत फोन तुम्ही घ्या, निरोप तुम्ही पोचवा. एक अक्षर इकडचं तिकडं नाय करायचं. जिंकलात तर मी तुमच्या टुशनला येऊन पहिल्या बाकावर बसेन, अख्खा सीझन, पोरांच्यात. चुकलो तर कान धरून उभा राहीन."

"आणि हरलो तर?"

नासिरने इकडेतिकडे बघितलं. नजर यमुनाबाईच्या टोपलीवर गेली आणि त्याच्या डोळ्यांत जो काय आनंद चमकला, त्याचं वर्णन करायला मास्तरांच्या व्याकरणात प्रकरणच नाही.

"हरलात तर यमुनाबाईची टोपली डोक्यावर घ्यायची. ह्याच पांढऱ्या कपड्यात. वाळूत उतरायचं आणि तिच्या मासळीचा लिलाव पुकारायचा."

"मेल्या, माझी टोपली का मध्ये?" यमुनाबाई म्हणाली. पण तिला ते आवडलं होतं. "चला, निकाल मी देणार. लबाडी केलीत तर दोघांना बांगड्यासारखं खारवीन."

मास्तरांनी हात पुढे केला. महरीनने कपाळाला हात लावला.

घरी गेल्यावर मास्तरांनी बायकोला अभिमानाने सगळं सांगितलं. कमळाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही निरोप पोचवणार? अहो, सासूबाईंचे निरोप तुम्हाला लग्नापासून मीच देत आले. ते जसेच्या तसे दिले असते ना, तर त्यांच्या फोटोला आज हार दिसला नसता."

"म्हणजे? आई काय म्हणायची?"

"म्हणायच्या, दाजी गुणाचा आहे," असं म्हणून कमळाबाई सूप घेऊन आत गेल्या.

त्यातून काय काय काढलं होतं, हा विचार मास्तरांच्या डोक्यात त्या दिवसापासून वाळवीसारखा शिरला. पण तो विषय वेगळा.

पहिला फोन कुवेतचा. नासिरची आपा, म्हणजे थोरली बहीण नसीमा, महरीनची आई; तिचा मुलगा उमेर. घरी नवी न्हाणी बांधायचं काम चाललं होतं आणि त्यावर देखरेख नासिरमामाची. आता परदेशातून फोन करणारा माणूस मधलं अंतर मनात मोजतो आणि तेवढ्या ताकदीने ओरडतो. उमेर कुवेतहून जे ओरडला ते रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरूनही जेटीपर्यंत ऐकू गेलं. "मामाला न्हाणीला हात लावायला सांगितलं कुणी? फोटो बघितला मी! उतार दाराकडे काढलाय! मामाचं डोकं आहे की नारळाचं सोडण? आणि आईला म्हणावं, तू काय डोळे मिटून बसली होतीस?"

एक गंमत मास्तरांच्या लक्षात आली. उमेर ओरडायला लागला तशी बाकड्यावरची सगळी माणसं वळून समुद्राकडे बघायला लागली. नासिरसुद्धा. मास्तरांना वाटलं, वा, किती सभ्य लोक आहेत.

मग मास्तर नसीमाबीच्या दारात गेले. घसा साफ केला.

"नसीमाबी, उमेरने असे विचारले की त्याच्या मामाला न्हाणीला हात लावण्यास कोणी सांगितले होते. त्याने पुढे असेही विचारले की मामाचे डोके हे डोके होते, की नारळाचे सोडण होते. शिवाय त्याने जाणू इच्छिले की आपण त्या वेळी डोळे मिटून का बसला होतात."

नसीमाबी हातातला झारा तसाच धरून उभी राहिली. तिला मुलाचा राग यायला हवा होता. पण मुलगा कुवेतला आणि भाऊ पलीकडच्या गल्लीत. जो हाताशी असतो त्याच्यावर राग काढणं सोयीचं पडतं. मुरगळलेल्या पायाच्या भावाला ती रोज दुपारी डबा पाठवत होती, तांदळाची भाकरी आणि तिखट कालवण. तो डबा त्या दिवसापासून बंद.

"मास्तर," नासिर बिस्किटाचा पुडा फोडत म्हणाला, "हे उमेरचं बोलणं मी दर आठवड्याला ऐकतो. आणि आपाला जाऊन सांगतो, उमेरने मामाला सलाम सांगितलाय, न्हाणीचं जरा बघा म्हणाला. उतार पण मी त्याच्या बोलण्यावरनंच बदलणार होतो. आता गवंडी पण रुसलाय. न्हाणीला छप्पर नाय, मला डबा नाय."

"तो तुझा प्रश्न. वाक्यात चूक काढ."

वाक्यात चूक नव्हती. यमुनाबाईने मान हलवून निकाल दिला: मास्तर अजून जिवंत.

दुसरा फोन मुंबईचा. चिमाचा मुलगा केतन. शिमग्याला येणार म्हणून चिमाने घराला चुना काढला होता. केतन म्हणाला, "आईला सांगा, उद्या निघत नाय. बायको म्हणते, मागच्या खेपेला सासूबाईंनी सांगितलं खा खा म्हणून सुके बोंबील खाल्ले आणि चार दिवस आडवी झाले."

हा निरोप म्हणजे बोलण्याच्या आत बोलणं आणि त्याच्याही आत बोलणं. मास्तरांना अक्षरशः गुदगुल्या झाल्या. वाटेत त्यांनी वाक्य दोनदा घोळवलं, काळ पायऱ्या पायऱ्यांनी मागे नेला, आणि चिमाच्या अंगणात उभं राहून सोडलं.

"केतनने असे सांगितले की तो त्यानंतरच्या दिवशी निघणार नव्हता, कारण त्याच्या पत्नीने त्यास सांगितले होते, की तिला तिच्या सासूने सांगितले होते, की तिने बोंबील खावेत, आणि ते खाऊन ती आडवी झाली होती."

चिमा किंचाळली. "आडवी झाली? कोण आडवी झाली? कुणाची सासू? अरे देवा, माझी विहीण गेली काय?"

शेजारणी धावल्या. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी विहिणीच्या चांगुलपणाबद्दल बोलायला सुरुवातही केली. सगळा उलगडा होईपर्यंत अंगणात गर्दी झाली होती आणि उलगडा झाल्यावर विहीण जिवंत असल्याचा आनंद कुणालाच झाला नाही, कारण बोंबलांवरून चिमाचा जो काय अपमान झाला होता तो आता गर्दीसमोर झाला होता. चिमा म्हणाली, "मास्तरा, नासिर आला असता तर म्हणाला असता, केतनला सुट्टी नाय मिळाली. संपलं असतं! तुझ्या इंग्रजीला लागो आग!"

हेही मास्तर जसंच्या तसं नासिरला सांगायला विसरले नाहीत. प्रामाणिक माणूस.

पण खरी गंमत पुढे आहे. गावाने काय करायला हवं होतं? मास्तरांना बघून दार लावून घ्यायला हवं होतं. हर्णे तसलं गाव नव्हे. गावाच्या लक्षात आलं, की हा माणूस जे सांगू ते पोचवतो, काही गाळत नाही, काही लपवत नाही, आणि वर पायी जातो. म्हणजे ज्याला जे तोंडावर बोलायची छाती होत नव्हती ते बोलायला फुकटचं तोंड मिळालं! मास्तर रस्त्याने निघाले की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायच्या.

"मास्तर, जाताय तिकडे? शेजारणीला म्हणावं, तुमचा कोंबडा चांगला आहे, पण उद्यापासून रश्शात आणखी चांगला लागेल."

"मास्तर, आमच्या जावयाला सांगा, घोरणं ऐकून दारावर बिब्बे विकायला आलेल्या बाया पळून गेल्या."

आणि मास्तर नाही म्हणू शकेनात, कारण पैजेत निरोप निवडायची सोय नव्हती. नासिर बाकड्यावर बसून उपाशीपोटी टाळ्या वाजवत होता.

त्यात सदूचं प्रकरण. सदू म्हणजे बंदरावरनं मासळी उचलून टेम्पोने दापोलीला नेणारा व्यापारी. त्याच्या घरासमोरच्या खांबावरचा दिवा गेलेला. त्याने मास्तरांना एका सरकारी कचेरीत पाठवलं. कचेरीचं नाव नको घेऊया, उद्या आपलाच अर्ज तिथे अडकायचा. सदूचा निरोप असा: "साहेबाला म्हणावं, खांबावर दिवा लाव, नायतर स्वतः चढून उजेड पाड."

मास्तरांनी साहेबापुढे उभं राहून सांगितलं, की सदूने साहेबांना अशी विनंतीवजा आज्ञा केली होती, की त्यांनी खांबावर दिवा लावावा, अन्यथा स्वतः चढून उजेड पाडावा.

साहेबाने चष्मा काढला. "हे कोण म्हणतंय?"

"सदू."

"पण आवाज तुमचा आहे."

"मी फक्त पोचवतो आहे."

"तोंडी उद्धटपणा आम्ही घेत नाही. उद्धटपणा लेखी आणा, दोन प्रतींत. आणि सदूला सांगा, टेम्पो चालवणाऱ्याला उजेडाची गरज नाही, वासावरून घर सापडतं."

मास्तर उन्हातून परत आले, सदूला सांगितलं. सदूने उत्तर दिलं, ते घेऊन मास्तर परत गेले. साहेबाने प्रत्युत्तर दिलं, ते घेऊन परत आले. मास्तरांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला, चपलेचा अंगठा तुटला. शेवटी साहेब आणि सदू चहाच्या टपरीवर समोरासमोर भेटले आणि त्यांचं एका गोष्टीवर तिथल्या तिथे एकमत झालं, की आग लावणारा माणूस मास्तर आहे. दिवा लागला. मास्तरांशी दोघांनी बोलणं टाकलं.

"अजून वाक्यात चूक नाय," यमुनाबाईने निकाल दिला. "पण मास्तरा, तुझी रया गेली."

आणि आता महरीनची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगत बसलोय.

महरीनचं लग्न ठरलं होतं बुरोंडीच्या झैनशी. झैन दोह्याला, निकाहसाठी सुट्टी काढून यायचा होता. मुलगा सोन्यासारखा, जरा तापट. लग्न ठरलेल्या पोरीने फोनवर थेट बोलायचं नाही, ही नसीमाबीची अट. म्हणून दोघांनी मधला मार्ग काढला होता. झैन बूथवर फोन करायचा, महरीन बूथच्या दाराशी ओढणीचं टोक चघळत उभी राहायची, आणि नासिरमामा मध्ये बसून इकडचं तिकडे करायचा. झैन म्हणायचा, "तिला विचारा, पास होणार काय?" मामा म्हणायचा, "तब्येतीची काळजी घे म्हणतोय." दोघं खूश.

त्या आठवड्यात झैनचा फोटो आला होता. मिशी काढलेला. फोन आला तेव्हा रिसीव्हर मास्तरांच्या हातात. झैनने विचारलं, फोटो मिळाला काय, कसा वाटला. मास्तरांनी विचारलं. महरीनला हसू आवरेना. तोंडावर ओढणी धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत म्हणाली, "सांगा, सोललेल्या कोलंबीसारखे दिसता म्हणावं!"

मास्तरांनी रिसीव्हर तोंडाशी धरला. क्षणभर थांबले. हे 'एक्सक्लेम्ड विथ जॉय' धरावं का? पण जॉय आहे असं तिने सांगितलेलं नाही. आपल्या मनचं घालायचं नाही. म्हणून बातम्या वाचणाऱ्याच्या सुरात म्हणाले, "तिने असे सांगितले की तुम्ही सोललेल्या कोलंबीसारखे दिसता."

मग फोन कट झाला.

महरीन आधी हसतच होती. मग हसू हळूहळू उतरलं. "सर, काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाला," मास्तर म्हणाले. तेही जसंच्या तसंच होतं.

पुढचे दिवस फोन नाही. महरीन रोज कॉलेजातनं उतरायची, बूथकडे बघायची आणि न थांबता पुढे जायची. नासिरने टाळ्या वाजवणं बंद केलं. मास्तर व्याकरणाचं पुस्तक उघडून बसायचे. सगळे नियम पाळले होते. मग ह्या पोरीचा चेहरा असा का? सगळं पोचवलं, एक अक्षर सोडलं नाही. सोडलं काय मग?

शुक्रवार उजाडला. पैजेचा शेवटचा दिवस, आणि आखातात सुट्टीचा. जुम्म्याची नमाज झाली, उन्हं कलली, बाकडं भरलं. यमुनाबाई टोपली घेऊन हजर. नसीमाबी भावावरचा राग तसाच ठेवून, पण पोरीसाठी म्हणून आलेली. महरीन दाराशी. आणि फोन वाजला.

"सर, तुम्हीच काय?" झैन ओरडला. असा ओरडला की रस्त्यावरचा कुत्रा उठून बसला. "तिला सांगा, सोललेली कोलंबी नको असेल तर घरात बसून सुकट निवड म्हणावं! मी तिकीट काढलं नाय आणि काढणार पण नाय! माझ्या मित्रांसमोर इज्जत गेली माझी! सांगा तिला, जसंच्या तसं सांगा!"

मास्तरांनी वर बघितलं.

सगळी माणसं समुद्राकडे बघत होती. यमुनाबाई समुद्राकडे. नसीमाबी समुद्राकडे, डोळ्यांत पाणी, पण समुद्राकडेच. नासिरचा लेप लावलेला पाय जमिनीवर आलेला, त्याला दुखतंय हेही कळत नव्हतं; पण मान समुद्राकडे. आणि महरीन. शब्द न् शब्द ऐकलेली महरीन ओठ घट्ट मिटून समुद्राकडे बघत होती. समुद्रात त्या वेळी बघण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं.

आणि मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही सभ्यता नव्हे. ही रीत आहे! फोनवरचं ओरडणं सगळ्या गावाला ऐकू येतं, पण ते कुणी धरत नाही. मधला माणूस रिसीव्हर बाजूला करून काय सांगतो, ते धरायचं. तोवर समुद्राकडे बघायचं आणि त्याची वाट बघायची. रागाने बोललेल्याला मागे यायला एक वाट ठेवायची असते, आणि ती वाट म्हणजे मधला माणूस. ही सगळी माणसं आता त्यांची वाट बघत होती. नसीमाबीचं घर, पोरीचं लग्न, सगळं त्या रिसीव्हरपाशी येऊन थांबलं होतं.

दुसऱ्या बाजूला टोपली. ओली, खवल्यांची, पाणी गळणारी.

मास्तरांनी पांढऱ्या शर्टावरून एकदा हात फिरवला. मग रिसीव्हर बाजूला करून, पण झैनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "महरीन, झैन म्हणतोय, मी मिशी परत वाढवायला घेतलीय. पण ती पुरती येईपर्यंत तुझ्यासमोर यायला लाज वाटते. म्हणून तिकीट काढलं नाय!"

या खेपेला फोन कट झाला नाही.

महरीनने समुद्रावरची नजर काढली. आवाज बसलेला. "त्यांना सांगा सर, या म्हणावं. मिशी काय, विमानात वाढेल. आणि..." तिने ओढणीने नाक पुसलं, "आणि सांगा, मी त्या दिवशी हसत होते."

"झैन," मास्तर फोनमध्ये म्हणाले, "ती म्हणते, ये. आणि ती त्या दिवशी हसत होती रे. पोट धरून हसत होती. ते सांगायचं माझ्याकडून राहिलं. माझ्या पुस्तकात ते नव्हतं."

मग झैन आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. सगळं बाकडं पुढे झुकलं. काही ऐकू येईना. मास्तर हूं हूं म्हणत राहिले, शेवटी रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाला?" नसीमाबी, नासिर, यमुनाबाई, तिघांनी एकदम विचारलं.

मास्तरांनी खिशातलं पेन नीट केलं. "सगळ्यांना सलाम सांगितलाय."

नासिर असा हसला की त्याचे डोळे भरून आले, किंवा डोळे भरले होते म्हणून हसला. महरीन घराकडे पळाली. नसीमाबी डोक्यावरचा पदर सारखा करत उठली आणि जाता जाता कुणाकडेही न बघता म्हणाली, "मास्तर, नासिरला सांगा, उद्यापासून डबा येईल. आणि उतार बदल म्हणावं."

मग यमुनाबाई खाकरली. "तर मग, पैजेचं..."

"कसली पैज?" नासिर घाईने म्हणाला. "मास्तर जिंकले. झैन काय बोलला ते मला तर बुवा ऐकूच नाय आलं. सकाळपासून कान गच्च झालाय. मास्तरांनी बरोबरच सांगितलं असणार."

"मला पण नाय ऐकू आलं," यमुनाबाई टोपलीची कड खाजवत म्हणाली. "त्या कुत्र्याला विचारा पायजे तर. निकाल दिला, मास्तर जिंकला."

मास्तर उठले. "मी ऐकलं," ते म्हणाले. "टोपली आण."

"अहो मास्तर, कुणी मागत नाय..."

"नासिर, हरलो ते हरलो. आण इकडे."

यमुनाबाईने चुंबळ ठेवली, वर टोपली चढवली. बांगड्यांचं पाणी पहिल्याच पावलाला मास्तरांच्या कानामागून आत शिरलं आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशापर्यंत पोचलं. उतारावरून वरात निघाली. पुढे मास्तर, मान ताठ, कारण मान ताठ ठेवल्याशिवाय टोपली राहत नाही. मागे यमुनाबाई, तिच्यामागे काठी टेकत नासिर, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या. चिमा दारात येऊन उभी राहिली. "मास्तरा, तुझ्या बांगड्यांची चव घेऊन कोण आडवा झाला तर सांग हां!" म्हणाली, आणि मग स्वतःच पदर खोचून वरातीत सामील झाली.

वाळूत मास्तरांचे पाय रुतले. होड्यांवरची माणसं हाका मारून एकमेकांना बोलवायला लागली. तांडेलाचा दाजी वाळूत उतरला, अशी बातमी मास्तरांच्या आधी पुढे गेली. गर्दीच्या कडेला कमळाबाई उभ्या होत्या. त्यांना कुणी निरोप दिला होता कुणास ठाऊक, पण वेळेवर पोचल्या होत्या.

टोपली खाली उतरली. मास्तरांनी घसा साफ केला आणि सवयीप्रमाणे सुरुवात केली, "यमुनाबाईने असे सांगितले की तिचे बांगडे त्या दिवशी ताजे होते..."

"होते?" यमुनाबाई ओरडली. "मेल्या, आहेत! होते म्हणालास तर कोण घेईल?"

किनारा हसून लोळला. मास्तरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि मग बापाचा आवाज कुठून आला कोण जाणे, पण आला. "ताजे, ताजे बांगडे! कोण बोलतो? बोला!"

बोली सुरू झाली. सदू पुढे उभा होता, मास्तरांवरचा राग अजून गेलेला नव्हता. त्याने मुद्दामच पडेल बोली लावली. यमुनाबाई उसळली. "त्या सद्याला म्हणावं, एवढ्यात तुझ्या सासूची कवळी पण येणार नाय!"

सदू दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. आणि सगळा किनारा एकदम समुद्राकडे बघायला लागला. सदूसुद्धा.

मास्तरांनी कपाळावरचं बांगड्याचं पाणी पुसलं. "सदू," ते म्हणाले, "यमुनाबाई म्हणते, मासळीची पारख अख्ख्या बंदरात तुलाच. तू जरा चढशील, याची तिला खात्री आहे."

सदूने समुद्राकडनं मान वळवली. कॉलर सारखी केली. आणि चढला. चांगला दणदणीत चढला. नासिरने काठी टाकून टाळ्या वाजवल्या आणि मुरगळलेल्या पायावर आपटून पुन्हा विव्हळला.

मास्तर गर्दीतून बाहेर आले तेव्हा शर्टाचा पांढरा रंग आठवणीपुरताच उरला होता, आणि चेहरा मात्र भलताच खूश होता. कमळाबाईंनी पदराने त्यांच्या कानावरचं खवलं काढलं.

"अगं," मास्तर हळूच म्हणाले, "एक विचारू? आई खरंच काय म्हणायची ग?"

कमळाबाई समुद्राकडे बघायला लागल्या.

"म्हणायच्या," त्या म्हणाल्या, "दाजी गुणाचा आहे."